घोरण्यामधली शांतता

तीन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका निवासी शिबिरात मी विज्ञानाचे प्रयोग घ्यायला गेले होते. खोलीत आम्ही तिघी होतो. पहिल्या रात्रीनंतर सकाळी चहाच्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या बाई माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. प्राथमिक शाळेत पंचवीस वर्षं काढलेल्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. शेवटी त्यांनी विचारलंच, "मॅडम, रागावू नका, पण तुम्हाला दम्याचा वगैरे त्रास आहे का हो?" मी नाही म्हटलं. त्यावर म्हणाल्या, "रात्री तुम्ही घोरता. त्याचं काही नाही, आमच्या घरी सगळेच घोरतात. पण तुम्ही मधेच एकदम गप्प होता. छाती हलतेय, पण श्वास काही येत नाही. मी घाबरून उठूनच बसले. मग घड्याळ लावून मोजलं. एकदा तर तेवीस सेकंद झाले. आणि मग मोठ्यानं हुंदका दिल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू!"

मी व्यवसायानं संशोधक. मोजमाप करणं हे माझं रोजचं काम. आणि माझ्याबद्दलचं हे सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप मला ठाऊकच नव्हतं. गेली पाच-सहा वर्षं मी सतत दमलेली असायची. सकाळी उठल्यावर डोकं जड, दुपारच्या चर्चासत्रात हमखास डुलकी, संध्याकाळी घरच्यांवर चिडचिड. डॉक्टरांकडे गेले होते. हिमोग्लोबिन तपासून झालं, थायरॉइड तपासून झालं, 'या वयात बायकांना असं होतंच, ताण घेऊ नका' हेही ऐकून झालं. रात्री झोपेत काय होतं, हे मात्र कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मी तर झोपलेली असते! नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "घोरतेस हे माहीत होतं, पण बाईमाणसाला हे सांगायचं कसं?"

या आजाराला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. 'ॲप्निया' या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ 'श्वास नसणं'. माझं निदान झाल्यावर सवयीप्रमाणे मी या आजाराचा इतिहास वाचायला घेतला. वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. ज्याला हा आजार आहे त्याला तो दिसत नाही आणि डॉक्टर तर रुग्णाला दिवसा, जागेपणी तपासतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी अंधार. आजार जुनाच, लक्षणंही चारचौघांत दिसणारी, पण तो नेमका काय आहे हे कळायला १९६५ साल उजाडावं लागलं.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी घशात काय घडतं ते पाहू. यासाठी एक सोपा प्रयोग आहे. मुलं उन्हाळ्यात चोखतात त्या बर्फाच्या 'पेप्सीकोल्या'ची रिकामी पिशवी स्वच्छ धुवा आणि दोन्ही टोकं कापा. पातळ प्लॅस्टिकची एक मऊ नळी तयार झाली. एक टोक ओठांत धरून हवा हळूच आत ओढा. थोडी हवा येते. आता जोरात ओढा. नळीच्या भिंती फटकन एकमेकींना चिकटतात आणि हवा बंद! जितकं जोरात ओढाल तितकी नळी घट्ट चिकटते. मधल्या एखाद्या वेगाला भिंती फडफडतात आणि आवाज येतो. ते घोरणं.

आपल्या श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, म्हणून ती मिटत नाही. नाकाच्या पोकळीला हाडांचा आधार असतो. या दोन्हींच्या मधला घशाचा भाग मात्र त्या पिशवीसारखा मऊ आहे. मागं घशाची भिंत, पुढं जीभ, वर पडजीभ आणि मऊ टाळू. जागेपणी तिथले स्नायू हा मार्ग ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैलावतात. बहुतेकांच्या बाबतीत तरीही वाट पुरेशी मोठी उरते. पण ज्यांचा जबडा लहान आहे, मानेत चरबी आहे किंवा टॉन्सिल मोठे आहेत, त्यांची वाट श्वास आत ओढताना मिटते. छाती आणि पोट हवा ओढायला धडपडत राहतात, हवा येत नाही, रक्तातला प्राणवायू कमी होत जातो. शेवटी मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, स्नायू ताणले जातात, मोठा आवाज होऊन हवा आत येते आणि माणूस पुन्हा झोपतो. हे जागं होणं इतकं क्षणिक असतं की सकाळी आठवणसुद्धा राहत नाही. माझ्या बाबतीत हे तासाला सरासरी ३४ वेळा होत होतं. तासाला पाचपेक्षा कमी म्हणजे ठीक, तीसच्या वर म्हणजे तीव्र, असं सर्वसाधारण मोजमाप आहे. तासातून चौतीस वेळा कोणी खांदा हलवून उठवत असेल तर दिवसा काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आता मागं जाऊ. चार्ल्स डिकन्स यांची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्यानं प्रसिद्ध झाली. तिच्यात जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. सारखा खातो आणि उभ्या उभ्या झोपतो. दार वाजवता वाजवता झोपतो, वाढता वाढता घोरतो. वाचक त्याला हसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम ऑस्लर या नामवंत वैद्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात अतिलठ्ठ तरुणांच्या अनावर झोपेबद्दल लिहिताना याच पोराची आठवण काढली. डिकन्स डॉक्टर नव्हते, पण त्यांचं निरीक्षण किती बारीक होतं, याचं कौतुक आजही वैद्यकीय लेखांत होतं. मला मात्र वाटतं, या पोरानं आजाराचं नुकसानही तेवढंच केलं. दिवसा पेंगणारा माणूस म्हणजे लठ्ठ, आळशी आणि हसण्याजोगा, हे चित्र त्यानं पक्कं केलं. आजही घोरण्याच्या गोष्टी आपण विनोद म्हणूनच सांगतो.

खरं निरीक्षण एका वेगळ्याच ठिकाणी दडलेलं होतं. विल्यम ब्रॉडबेंट या इंग्रज डॉक्टरांनी १८७७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मेंदूतल्या रक्तस्रावानंतर बदलणाऱ्या श्वसनाबद्दल लेख लिहिला. त्यात ते जाता जाता सांगतात की, वयस्क माणूस उताणा झोपून मोठ्यानं घोरत असेल, तर अधूनमधून त्याचा श्वास घशातल्या अडथळ्यावर मात करू शकत नाही. दोन, तीन, चार श्वासांइतका वेळ पूर्ण शांतता पसरते, छाती मात्र व्यर्थ हलत राहते आणि शेवटी मोठा आवाज करून हवा आत शिरते. आमच्या शिबिरातल्या बाईंनी जे पाहिलं नेमकं तेच! अडथळा घशात आहे हेसुद्धा ब्रॉडबेंट यांनी ओळखलं होतं. पण त्यांचा विषय दुसराच होता. हे निरीक्षण एका परिच्छेदात राहून गेलं आणि रात्रीच्या शांततेचा दिवसाच्या झोपेशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

शिक्षकांना रस वाटेल असा एक लेख १८८९ चा आहे. विल्यम हिल यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो लिहिला. विषय होता, मुलांच्या मागासलेपणाची आणि मठ्ठपणाची काही कारणं. शाळेत डोकं दुखतं म्हणणारा, तोंडानं श्वास घेणारा, रात्री घोरणारा आणि अस्वस्थ झोपणारा, सकाळी तोंड कोरडं पडून उठणारा 'आळशी' मुलगा हा शाळेच्या डॉक्टरानं आवर्जून लक्ष देण्याजोगा आहे, असं त्यांनी म्हटलं होतं. या लेखाकडे मी शेवटी परत येणार आहे.

यानंतर एकदम १९५६. अमेरिकेत बॉस्टनमध्ये सिडनी बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. एक्कावन्न वर्षांचा, ११९ किलो वजनाचा, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. दर आठवड्याला मित्रांबरोबर पत्ते खेळायचा. एकदा पोकर खेळताना त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. असा हात क्वचितच मिळतो. पण पानं हातात धरूनच त्याला झोप लागली आणि डाव गेला! दिवसा पेंग येणं, दमणं, सूज हे सगळं तो सहन करत होता. हातातला डाव गेल्यावर मात्र तो रुग्णालयात आला. बर्वेल यांनी या अवस्थेला डिकन्सच्या कादंबरीवरून 'पिकविकियन' असं नाव दिलं. जागेपणी रक्त तपासलं तेव्हा कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी आढळला. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की लठ्ठपणामुळे श्वसन कमी पडतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याच्या गुंगीनं झोप येते. वजन उतरवल्यावर रुग्ण सुधारला, तेव्हा निष्कर्ष पटण्यासारखाच होता.

इथं थोडं थांबावंसं वाटतं. यात मोजमाप चुकलं नव्हतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड खरंच वाढलेला होता. काही अतिलठ्ठ रुग्णांत श्वसन असं कमी पडतं हेही खरं आहे. मोजण्याची वेळ मात्र चुकली होती. झोपेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला जागेपणी तपासलं गेलं. आम्हा संशोधकांच्या बाबतीत हे फार वेळा घडतं. दिवा जिथं आहे तिथंच आपण किल्ली शोधतो.

तोपर्यंत झोपेवर उजेड टाकणारं साधन तयार होत होतं. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची पहिली नोंद केली. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची वेगानं हालचाल होण्याचा टप्पा शोधला. झोप म्हणजे नुसतं बंद पडणं नाही, तिच्यात रात्रभर काहीतरी घडत असतं हे त्यामुळे कळलं. ते नोंदवायचं तर कोणीतरी रात्रभर जागायला हवं. असे जागणारे लोक होते मेंदूविकारांचे अभ्यासक. फुप्फुसांचे डॉक्टर संध्याकाळी घरी जात.

म्हणूनच पुढचं पाऊल फुप्फुसतज्ज्ञांनी टाकलं नाही. फ्रान्समध्ये मार्सेय इथं आंरी गास्तो हे अपस्माराचे नावाजलेले अभ्यासक होते. १९६५ मध्ये त्यांनी, तासिनारी आणि ड्युराँ या सहकाऱ्यांबरोबर 'पिकविकियन' रुग्णांना रात्रभर झोपवून मेंदूच्या लहरी आणि श्वसन यांची एकाच वेळी नोंद केली. कागदावर जे उमटलं ते पाहून संशयाला जागाच उरली नाही. छाती-पोटाची हालचाल चालू, पण नाकातोंडातून हवेची ये-जा बंद. काही सेकंदांनी मेंदूच्या लहरी जागेपणाच्या, हवा सुरू, पुन्हा झोप, पुन्हा बंद. असं रात्रभर चाललेलं. दिवसाची पेंग गुंगीमुळे येत नव्हती, रात्रीची झोप शेकडो ठिकाणी तुटत होती म्हणून येत होती. त्याच वर्षी जर्मनीत फ्रायबुर्ग इथं युंग आणि कूलो यांनीही स्वतंत्रपणे अशाच नोंदी केल्या. गंमत म्हणजे त्यांना दोष मेंदूतल्या श्वसनकेंद्राचा वाटला.

दोष मेंदूत की घशात? याचा निकाल लावणारा प्रयोग त्याच कूलो यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. अडथळा घशात असेल, तर त्याच्या खाली हवेला दुसरी वाट करून दिली की आजार जायला हवा. दोष मेंदूत असेल तर फरक पडणार नाही. त्यांनी रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली. याला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. आजार गेला! तर्क इतका स्वच्छ आहे की नववीच्या मुलांपुढेही मांडता येईल. पण उपाय किती भयंकर! गळ्याला कायमचं भोक, दिवसा ते बुचानं बंद करायचं, रात्री उघडायचं. पोहणं बंद, जंतुसंसर्गाची सततची भीती. तरीही पुढची बारा वर्षं तीव्र आजारावर खात्रीचा असा हाच एक इलाज होता.

इटलीत बोलोन्या इथं एलिओ लुगारेझी यांच्या गटानं झोपेतला रक्तदाब रात्रभर मोजला आणि प्रत्येक अडथळ्याबरोबर तो वर जातो हे दाखवलं. १९७२ मध्ये त्यांनी रिमिनी शहरात या विषयावर परिषद भरवली. पुढे १९८० मध्ये त्यांनी सान मारिनो या चिमुकल्या देशात साडेपाच हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. घोरणाऱ्यांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण जास्त असल्याचं तीत आढळलं. घोरणं हा विनोदाचा विषय आकडेवारीत शिरला तो असा.

१९७२ मध्येच क्रिस्तियान गिलमिनो हे फ्रेंच डॉक्टर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांच्याकडे आले. तिथं त्यांना उच्च रक्तदाब असलेला दहाएक वर्षांचा एक मुलगा भेटला. दिवसा तो पेंगायचा. रात्रीच्या नोंदीत श्वास अडत असल्याचं स्पष्ट दिसत होतं. पण केवळ झोपेतल्या त्रासासाठी लहान मुलाच्या गळ्याला भोक पाडायला तिथले बालरोगतज्ज्ञ राजी नव्हते. बराच काळ गेल्यावर अखेर शस्त्रक्रिया झाली आणि मुलाचा रक्तदाब उतरला. गिलमिनो यांनी लठ्ठ नसलेल्या माणसांतही हा आजार दाखवला. दहा सेकंद किंवा अधिक काळ हवा थांबणं म्हणजे एक ॲप्निया, अशी व्याख्या केली आणि १९७६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' या नावाखाली सगळं एकत्र मांडलं. 'पिकविकियन' हे चेष्टेचं नाव मागं पडलं ते यामुळे. नावानं किती फरक पडतो पाहा. लठ्ठपणा नावातून गेला आणि माझ्यासारख्या सडपातळ नसल्या तरी लठ्ठही नसलेल्या बाईला त्यात जागा झाली.

आता सिडनी. कॉलिन सलिव्हन हे तरुण ऑस्ट्रेलियन डॉक्टर कॅनडात टोरांटो इथं झोपेतल्या श्वसनाचा अभ्यास करून परतले होते. तिथं त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. कुत्र्यांना तोंडावर मुखवटा घालून झोपायची सवय लावली होती. जून १९८० मध्ये त्यांच्याकडे तीव्र ॲप्नियाचा एक रुग्ण आला. ट्रॅकिऑस्टॉमीचा सल्ला त्यानं साफ नाकारला, पण आपल्याला काय झालंय हे समजून घ्यायची त्याला मोठी उत्सुकता होती. एका रात्रीचा प्रयोग करू का, असं विचारल्यावर तो आनंदानं तयार झाला.

कल्पना अगदी साधी होती. पेप्सीकोल्याची पिशवी पुन्हा हातात घ्या. दुसऱ्या टोकाला फुगवलेला फुगा घट्ट बसवा आणि मग हवा आत ओढा. आता पिशवी चिकटत नाही. आतली हवा भिंतींना बाहेर रेटून धरते. सायकलच्या ट्यूबला आकार देते ती आतली हवाच ना? सलिव्हन यांनी नाकावर बसणारा मुखवटा बनवला, त्याला नळ्या जोडल्या आणि एका मोटारीनं खोलीतलीच हवा हलक्या दाबानं नाकातून घशात सोडली. व्हॅक्यूम क्लीनर हवा ओढतो, तशीच मोटार हवा ढकलायला लावली इतकंच.

रुग्ण झोपला. श्वास अडू लागला. दाब हळूहळू वाढवला. एका ठरावीक दाबाला अडथळे एकदम थांबले. दाब कमी केला, अडथळे परत. वाढवला, पुन्हा बंद. सलिव्हन यांनी हे वारंवार करून पाहिलं. मला या कथेतला हा भाग सर्वांत आवडतो. तुलनेसाठी दुसरा रुग्ण लागला नाही, गट पाडावे लागले नाहीत. दिव्याचं बटण दाबावं तसा आजार चालू-बंद होत होता. मग दाब तसाच ठेवला आणि रुग्ण तासन् तास गाढ झोपला. दुसऱ्या दिवशी तो टक्क जागा होता. एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला. ब्रॉडबेंट यांच्या त्या परिच्छेदानंतर त्याच नियतकालिकात, एकशे चार वर्षांनी!

किती दाब लागला? साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका. पेल्यात नळी दहा सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला लागतो तेवढा. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर पाण्याएवढा असतो, म्हणजे हा त्याचा शंभरावा भाग. गळ्याच्या भोकाला पर्याय म्हणून एवढंसं पुरलं. पाळण्यातल्या बाळांसाठी ही युक्ती आधीच वापरात होती. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसं मिटू नयेत म्हणून अशाच सततच्या दाबाचा वापर केला होता. सिडनीत ती घशासाठी वापरली गेली. या उपायाचं इंग्रजी लघुरूप 'सीपॅप'.

सुरुवातीच्या रुग्णांसाठी नाकाचा साचा घेऊन मुखवटा बनवत आणि रोज रात्री तो सिलिकोनच्या लुकणानं नाकावर चिकटवत. मोटारीचा आवाज मोठा. तरी ते लोक हे सगळं सहन करत, यावरून त्यांचे आधीचे दिवस कसे असतील याची कल्पना यावी. तयार यंत्रं बाजारात आली ती १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर.

माझं यंत्र पाठ्यपुस्तकाएवढं आहे. आवाज पंख्याखाली ऐकूही येत नाही. तरी पहिला महिना वाईट गेला. नाक कोरडं पडायचं, पट्ट्यांचे वळ गालावर दुपारपर्यंत राहायचे, रात्री दोन वाजता मी मुखवटा ओढून फेकून द्यायची. मुलगी म्हणायची, "आई, तुला सोंड आली." जाऊबाईंनी तर 'वहिनी ऑक्सिजनवर आहेत' अशी बातमी गावभर केली. करोनानंतर मुखवटा दिसला की लोकांना ऑक्सिजनच आठवतो. यात ऑक्सिजन नसतो, खोलीतलीच हवा असते, हे मी किती जणांना सांगितलं असेल! माहेरी गावाकडे वीज गेली की पंचाईत होते. म्हणून आता छोटी बॅटरी सोबत नेते. पाचव्या आठवड्यात एके दिवशी दुपारचं चर्चासत्र संपलं आणि लक्षात आलं की आज मी सगळं ऐकलं. त्या दिवसानंतर यंत्र सुटलं नाही.

दुसरे उपाय मी तपासून पाहिले. सलिव्हन यांच्याच वर्षी, १९८१ मध्ये, डेट्रॉइटच्या फुजिता यांनी पडजीभ आणि टाळूचा भाग कापून घसा मोठा करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती खूप झाली, पण मोठ्या माणसांत यशाचं प्रमाण निम्म्यापर्यंतही पोचत नाही. खालचा जबडा पुढं ओढून धरणारी दातांवरची पट्टी सौम्य ते मध्यम आजारात चांगली. कुशीवर झोपणं काहींना पुरतं. वजन जास्त असेल तर ते उतरवणं सर्वांत मुळातला उपाय, पण यात वेळ जातो. जिभेच्या मज्जातंतूला झोपेत विजेचा हलका इशारा देणारं, छातीत बसवायचं यंत्र अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झालं. लठ्ठपणा असलेल्या रुग्णांसाठी टिर्झेपाटाइड हे औषध तिथंच डिसेंबर २०२४ मध्ये मान्य झालं. या आजारासाठी मान्य झालेलं ते पहिलंच औषध. आणि स्वित्झर्लंडमध्ये २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजरीडू हे लांबलचक वाद्य चार महिने वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली. घशाच्या स्नायूंचा व्यायाम! शंख फुंकणाऱ्यांनी उगाच हुरळून जाऊ नये, पाहणीत माणसं फक्त पंचवीस होती.

यंत्राबद्दलही आंधळा विश्वास नको. २०१६ मध्ये सात देशांतल्या २७१७ हृदयविकार व पक्षाघाताच्या रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सीपॅपमुळे पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली, पण पुढचे हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. लोकांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं. आणखी वापरलं असतं तर वेगळं दिसलं असतं का, यावर वाद चालू आहे.

हा आजार किती जणांना असतो? १९९३ पर्यंत तो दुर्मिळ आणि पुरुषांचाच समजत, कारण दवाखान्यात तेच यायचे. त्या वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये टेरी यंग यांनी दवाखान्याबाहेर पडून ३० ते ६० वयाच्या ६०२ सरकारी कर्मचाऱ्यांना रात्रभर तपासलं. तासाला पाच किंवा अधिक अडथळे २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के बायकांत आढळले. बायका होत्याच, त्या मोजल्या गेल्या नव्हत्या. आपल्याकडे मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मध्यमवयीन शहरी पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. १९.५ टक्क्यांत झोपेतलं श्वसन बिघडलेलं होतं आणि ७.५ टक्क्यांत दिवसाच्या पेंगेसह पूर्ण आजार. त्या पाहणीत स्त्रिया नव्हत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं आणि डॉक्टरांनी कारण सांगताना या आजाराचं नाव घेतलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

आता हिल यांचा मुलगा. गिलमिनो यांनी १९७६ मध्ये आठ मुलांमधला हा आजार वर्णन केला, तेव्हा शाळेतलं मागं पडणं, वागण्यातले प्रश्न ही लक्षणं पुन्हा यादीत आली. मुलांत कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड गाठी. मोठ्यांसारखी मुलं पेंगतीलच असं नाही. कित्येकदा ती उलट चुळबुळी, हट्टी, लक्ष न देणारी होतात. गाठी काढल्यावर अभ्यास सुधारतो का? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर झोप, वागणं आणि रोजचं आयुष्य सुधारलं, पण एकाग्रतेच्या औपचारिक चाचणीत सात महिन्यांत ठळक फरक दिसला नाही.

हे आकडे मी शिबिरातल्या त्या बाईंना फोनवर सांगितले. आमचं बोलणं अजून होतं. त्यांच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. तोंड सतत उघडं, दुसऱ्या तासाला डोकं बाकावर. आधी त्यांनाही तो आळशी वाटत होता. या जूनमध्ये त्यांनी त्याच्या वडलांना बोलावून एकच प्रश्न विचारला, हा रात्री घोरतो का? वडील हसले, म्हणाले, "बाई, आमच्यात सगळेच घोरतात." बाईंनी त्यांना घड्याळ लावून मोजायला सांगितलं. आठवड्यानं ते जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत ठरलंय. "मग मॅडम, सहामाहीत नाही तर वार्षिक परीक्षेत तरी फरक दिसेल ना?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, परीक्षेचं मी सांगू शकत नाही, पण दुसऱ्या तासाला तो जागा राहतो का, ते वहीत टिपून ठेवा. त्यांनी तारखा घालून वही सुरूही केली आहे.